बाराव्या अँप्यूलनंतर

शनिवारच्या सराववर्गात डॉ. धर्मेश पागधरे यांचे हात नेहमी पाठीशी बांधलेले असत. शिकवणाऱ्याचे हात मोकळे राहिले की ते विद्यार्थ्याचे काम करू लागतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. आणि सिद्धान्त एकदा मांडला की तो स्वतःलाच अडचणीचा ठरला तरी मागे घ्यायचा नाही, असा त्यांचा स्वभाव. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, आईच्या पाटीतले बोंबील ताजे की कालचे यावरून तिच्याशी हुज्जत घालत ते मोठे झाले होते. ती हुज्जत त्यांना वैद्यकीच्या व्यवसायातही पुरली. पण आज पाठीशी बांधलेले ते हात एकमेकांना नुसते धरून बसले नव्हते. एक हात दुसऱ्याची बोटे मोडत होता.

कारण सकाळीच सावे मॅडमचा फोन येऊन गेला होता. डॉ. नर्मदा सावे म्हणजे महाविद्यालयाच्या अधिष्ठाता. पालघरला त्यांचे कार्यालय आणि बोईसरच्या वेशीवर, कारखान्यांच्या धुराड्यांच्या सावलीत, पागधऱ्यांचा आपत्कालीन विभाग. दोघांमधला बहुतेक संवाद फोनवर होई, आणि बहुतेक भांडणेही.

"पागधरे, त्या उत्कर्षा बोराडेचं काय करायचं? सोमवारी तिची बंधपत्राची सरकारी नेमणूक सुरू होते. डोंगरातल्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला दुसरा डॉक्टर नाही. एकटीला पाठवू की इथे कुणाच्या हाताखाली ठेवू?"

"मॅडम, प्रश्न असा सरळ मांडता येत नाही. एकटीने काम करणं म्हणजे काय, हे आधी..."

"हो किंवा नाही. निबंध नको. दुपारी पुन्हा फोन करते."

उत्तर देता येईना, हीच तर पागधऱ्यांची तळमळ होती. उत्कर्षा हुशार होती, यात वाद नव्हता; आणि ज्यात वाद नाही अशी गोष्ट त्यांना एरवीही संशयास्पद वाटे. परभणीकडून येऊन तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हयात घालवलेल्या रामकिसन बोराडे नावाच्या फिटरची ही मुलगी. पुस्तकातले पान तिला ओळीसकट आठवे. पण तिचे प्रत्येक वाक्य शेवटाला येताना वर उचलले जाई आणि त्याबरोबर तिचे डोळेही वर, पागधऱ्यांच्या तोंडाकडे. डोंगरातल्या त्या खोलीत ती डोळे वर उचलील तेव्हा समोर भिंतीखेरीज काय असेल? आणि न पाठवावे, तर त्या खोलीत भिंतीखेरीज कोणीच नसेल. या दोन वाक्यांमधून ते सकाळपासून येरझाऱ्या घालत होते.

वर्ग वरच्या मजल्यावर भरे. मध्यभागी खाटेवर रबराचा पुतळा. इंटर्न मुलांनी त्याचे नाव 'दाजी' ठेवले होते, कारण तो रुसून पडलेल्या जावयासारखा सगळ्यांकडून सेवा करून घेई आणि तोंडातून शब्द काढत नसे.

"दाजींना आज काय झालं, सर?" अक्षय म्हणाला. तो उत्कर्षाचा वर्गमित्र. गंभीर प्रसंगी विनोद आणि विनोदी प्रसंगी जांभई, असा त्याचा क्रम.

"कीटकनाशक अंगावर सांडलं आहे. श्वास घरघरतो आहे. उत्कर्षा, सुरू कर."

"मागच्या महिन्यातही तेच सांडलं होतं," अक्षय पुटपुटला. "दाजींनी नोकरी बदलायला हवी."

उत्कर्षा पुढे झाली. "कपडे काढून अंग साबणाने धुवायला सांगते, सर? ऑक्सिजन लावते? डोळ्यांच्या बाहुल्या पाहते...?"

"टाचणीच्या टोकाएवढ्या," पागधऱ्यांनी सांगितले.

"नाडी?"

"मंद."

"छाती?" पुतळ्याच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवून तिने वर पाहिले.

"पाणी भरल्यासारखी. घरघर."

"मग अॅट्रोपीन. तीन अँप्यूल." एक क्षण गेला. "छाती?"

"तशीच."

"दुप्पट. सहा... छाती?"

"तशीच."

"बारा. छाती?"

"छाती कोरडी," पागधरे म्हणाले, आणि सगळ्यांनी श्वास सोडला. बाराव्या अँप्यूलनंतर दाजी बरे होत. ते नेहमीच तेव्हा बरे होत, कारण तोवर प्रश्नोत्तरांची वेळ झालेली असे आणि खालून चहा आलेला असे.

पागधऱ्यांनी मात्र आज चहाकडे पाठ फिरवली. "उत्कर्षा, तू उपचार करतेस की परवानग्या मागतेस? प्रत्येक वेळी माझं तोंड काय पाहतेस?"

ती गोंधळली. पण वर्षभर त्यांच्या हाताखाली राहिल्यामुळे थोडी हुज्जत तिच्याही अंगी लागली होती. "मग कुठे पाहू, सर? दाजींच्या छातीत काहीच ऐकू येत नाही. जे ऐकू येतं ते तुमच्या तोंडातूनच येतं."

अक्षय खोकला. पागधऱ्यांच्या जिभेवर उत्तर आले. ते नेहमी येई. पण ते उच्चारायच्या आत जिन्यावरून मोनाली सिस्टरचा आवाज चढत आला, "सर, खाली या! कारखान्याचा पेशंट. तोंडाला फेस आलाय!"

खाली दाराबाहेर, विषबाधेचे रुग्ण धुण्याच्या कट्ट्यावर एक तरुण आडवा होता. दोन कामगारांनी टेंपोतून त्याला आणले होते. त्यांच्यातला एक सांगत होता, "साहब, ड्रम खोल रहा था, सीधा छाती पे उड़ा. हमने सोचा पानी पिला दें, तब तक गिर गया." लसणासारखा उग्र दर्प सगळ्या पोर्चमध्ये पसरला होता. मागून एका रिक्षातून त्या तरुणाची बायको उतरली. तिच्या पदराला अजून चुलीची राख लागलेली होती. तिचे नाव कमळी, त्याचे चिंतू. डोंगरातले भात झोडून झाले की दोघे दरवर्षी खाली उतरत, बेटेगावला खोली घेत आणि पावसाळा जवळ आला की परत जात. हे तिने विचारल्यावाचून सांगितले; जणू त्यांचा जाण्यायेण्याचा हा क्रम एकदा ऐकवला की नवऱ्यालाही तो मोडता येणार नव्हता.

"ग्लोव्ह्ज घाला आधी! कपडे कापा!" उत्कर्षा ओरडली. हे वाक्य प्रश्नार्थक नव्हते. पागधऱ्यांनी ते टिपले आणि हात पाठीशी नेले.

तिथून त्यांच्या अस्वस्थतेला निराळेच रूप आले. वर, दाजींपाशी, हात बांधून उभे राहणे हा सिद्धान्त होता. इथे ती शिक्षा होती. त्यांच्या अंगातले वीस वर्षांचे सगळे कसब मनगटांपाशी येऊन कोंडले होते. अक्षय साबणाचे पाणी ओतत होता, त्याच्याकडून काखा धुवायच्या राहिल्या; पागधऱ्यांचा उजवा हात सुटू पाहत होता, तोच उत्कर्षा म्हणाली, "काखा, अक्षय, केस पण." हात पुन्हा मागे गेला. आत खाटेवर घेतल्यावर मोनाली सिस्टर शीर शोधत होत्या, सापडेना. पागधरे एक पाऊल पुढे आले, अर्धे मागे गेले. सापडली. आपण हस्तक्षेप करीत नाही हे शहाणपण आहे की हट्ट, असा वाद त्यांनी स्वतःशीच उभा केला आणि दोन्ही बाजूंनी तेच बोलत राहिले. मुलीला शिकू द्यायचे, हे ठीक. पण ज्याच्या अंगावर ती शिकते आहे त्याला हे कोणी विचारले होते? त्याची बायको तर दाराशी उभी आहे. दुसरी बाजू म्हणाली: सोमवारी असाच माणूस डोंगरात येईल, आणि तेव्हा तू नसशील.

"बाहुल्या टाचणीएवढ्या," उत्कर्षाने स्वतः पापण्या उघडून पाहिले. "नाडी मंद आहे. सक्शन द्या. नळी घालायचा ट्रे इथे उघडून ठेवा. सिस्टर, अॅट्रोपीन, तीन."

अँप्यूलच्या, त्या इवल्या काचेच्या कुप्यांच्या, माना कटकट मोडल्या. औषध गेले. सक्शनची नळी चिंतूच्या घशातून फेस ओढत होती आणि जितका ओढावा तितका नवा येत होता. त्याच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती.

"बाय," कमळी दारातून म्हणाली, "तो बुडाल्यावानी का करतो? पाण्यात तर नाय पडला तो."

"औषध देतोय, ताई. तुम्ही तिथेच थांबा," उत्कर्षा म्हणाली. मग स्टेथोस्कोप लावला. "तशीच आहे. सहा."

अक्षय आता विनोद करीत नव्हता. तो आणि मोनाली सिस्टर दोघे मिळून अँप्यूल फोडत होते. एकीची काच त्याच्या बोटात शिरली, ग्लोव्हच्या आत रक्त पसरले, त्याने पाहिलेही नाही. मिनिटे जात होती. सहा गेल्या. पुन्हा छाती, पुन्हा तशीच. "बारा," उत्कर्षा म्हणाली. सिस्टरनी ट्रे जवळ ओढला. एकामागून एक माना मोडल्या, सिरिंज भरल्या गेल्या, रिकाम्या झाल्या.

बारावी गेली.

"छाती कोरडी," कोणीतरी म्हणाले.

तो आवाज आपला आहे, हे पागधऱ्यांना कळायला क्षण लागला. त्यांनी चिंतूच्या छातीला स्पर्शही केला नव्हता. पाठीशी बांधलेले हात जिथल्या तिथे होते. बांधायचे राहून गेले होते ते तोंड. बाराव्या अँप्यूलनंतर ते वाक्य यायचे असते म्हणून ते आले होते, चहाच्या वेळेला पोऱ्या यायच्या आधीच तोंडाला पाणी सुटावे तसे. ट्रेवर सिस्टरचा हात थांबला. अक्षयने खांदे सैल सोडले आणि बोटाकडे पाहिले. विभागप्रमुख म्हणाले होते, संपले होते.

उत्कर्षाने रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मग ती वाकली आणि चिंतूच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, पाठीकडून. आपण ऐकलेच नव्हते, हे पागधऱ्यांना सांगायचे होते. पण ज्या तोंडाने आत्ताच असा दगा दिला त्यातून दुसरा शब्द काढण्याची त्यांना भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा.

"नाही," ती म्हणाली. तिच्या भुवया आक्रसल्या होत्या. तिने पुन्हा ऐकले. "नाही, सर. घरघर आहे. खालच्या भागात भरपूर आहे." तिने वर पाहिले नाही. "सिस्टर, चोवीस. आहेत का तेवढ्या?"

"इथे नाहीत. स्टोअरमधून पेटी आणते," म्हणत मोनाली सिस्टर धावल्याच.

"असतील तेवढ्या आत्ता दे, अक्षय. बाकीच्या आल्या की."

त्यानंतर पागधऱ्यांचे हात कधी सुटले ते कोणाच्या लक्षात आले नाही. ते अक्षयच्या शेजारी उभे राहून अँप्यूल फोडत होते, आणि उत्कर्षा 'द्या' म्हणाली की देत होते, 'थांबा' म्हणाली की थांबत होते. पेटी आली. ती अर्धी रिकामी होईपर्यंत घरघर विरळ होत गेली. बरगड्यांचे खेचणे थांबले, नाडी वेगाने धावू लागली, घामाने चिंब झालेले अंग हाताला कोरडे लागू लागले. उत्कर्षा पुन्हा पुन्हा ऐकत होती, इतक्या वेळा की स्टेथोस्कोपच्या चकतीचे वळ त्याच्या छातीवर उठले.

मग चिंतू वेगळेच करू लागला. डोळे टक्क उघडून तो हवेतले काहीतरी चिमटीने वेचू लागला, वेचून चादरीवर ठेवू लागला, पुटपुटू लागला.

"हे काय करतो?" कमळी आत आली, आता तिला कोणी अडवले नाही. "अरं, काय येचतो तू? इथं काय हाय?"

"औषधाने होतं असं, ताई. थोडा वेळ भ्रम राहील. ते उतरेल," उत्कर्षा म्हणाली.

कमळीने नवऱ्याची चिमूट हातात धरली. "येचू दे त्याला," ती शेवटी म्हणाली. "रिकाम्या हाती बसायची सवय नाय त्याला. पन जगंल ना, बाय?"

"आज आणि उद्या आम्ही त्याच्याजवळून हलणार नाही. अजून धोका आहे. पण आत्ता श्वास चांगला आहे."

चिंतूला अतिदक्षता विभागात हलवल्यावर चौघे हात धुवायला बेसिनपाशी आले. अक्षयची जीभ पूर्ववत झाली होती. "सर, मानलं तुम्हाला! काय चकवलंत! मी तर साफ फसलो, खांदे पाडले. एवढ्या धामधुमीत परीक्षा घ्यायची सुचते कशी?"

"मलाही वाटलं संपलं म्हणून," मोनाली सिस्टर हसल्या. "सरांचं काही सांगता येत नाही बाई."

उत्कर्षा साबण लावता लावता थांबली. तिच्या चेहऱ्यावर थकव्यातून एक उजळपणा येत होता. "परीक्षा होती ना, सर?"

पागधऱ्यांच्या खिशात फोन थरथरू लागला. सावे मॅडम. त्यांनी तो काढला नाही.

किती सोपे होते! मान हलवायचीही गरज नव्हती. नुसते हात पुसत राहिले असते तरी ही गोष्ट आज संध्याकाळपर्यंत वसतिगृहात पोहोचली असती आणि पुढच्या दहा तुकड्यांना सांगितली गेली असती: पागधरे सरांनी मरत्या माणसाच्या उशाशी उभे राहून खोटे सांगितले, विद्यार्थिनी जागी आहे का ते पाहण्यासाठी. त्यांची कीर्ती वाढली असती. आणि सर चुकीचे बोलले की तो कसाला लावण्याचा प्रकार असतो, असे ही मुले धरून चालली असती. उत्कर्षा हे घेऊन डोंगरात गेली असती की वडीलधारा डॉक्टर चुकत नाही, फक्त पारखतो. फोन थरथरायचा थांबला.

"नाही," पागधरे म्हणाले.

"सर, आता विनय पुरे," अक्षय म्हणाला.

"अक्षय, गप्प बस. परीक्षा नव्हती. मी ऐकलंच नव्हतं. वर दर शनिवारी बाराव्या अँप्यूलनंतर म्हणतो, ते तोंडातून गेलं. तू थांबली असतीस तर तो माणूस गेला असता, आणि तो माझ्यामुळे गेला असता."

नळ वाहत होता. मोनाली सिस्टरनी तो बंद केला. उत्कर्षाच्या चेहऱ्यावरचा उजळपणा कोणीतरी फडक्याने पुसून घ्यावा तसा गेला. ती रागावेल, असे पागधऱ्यांना वाटले. रागाला त्यांच्याजवळ उत्तर होते, आणि नसते तरी त्यांनी ते शोधले असते.

"पण मी थांबले होते, सर," ती म्हणाली. "सिरिंज खाली ठेवली होती मी. तुम्ही म्हणालात, म्हणजे कोरडी झाली, हेच मला वाटलं. मला तुमचा संशय नाही आला. शप्पथ, अजिबात नाही."

"मग स्टेथोस्कोप का लावलास?"

ती ओशाळली. "कोरडी झालेली छाती कशी ऐकू येते, ते मला माहीतच नव्हतं. वर्षभर नुसतं 'कोरडी, कोरडी' ऐकलंय तुमच्याकडून. म्हटलं, आज खरी मिळाली आहे, तर एकदा कानाने ऐकून घ्यावी." तिने ओले हात तसेच ॲप्रनला पुसले. "एवढंच होतं, सर. शूरपणा वगैरे काही नव्हता. उद्या डोंगरात असं सुचलं नाही तर?"

पागधऱ्यांनी याला प्रतिवाद शोधून पाहिला. भिंतीवरच्या टाइल्सकडे पाहिले, बेसिनमधल्या फेसाकडे पाहिले. शौर्य नव्हते, अविश्वास नव्हता. जे समोर आहे ते स्वतःच्या कानाने ऐकून घ्यायची केवळ हौस. ती त्यांनी शिकवलेली नव्हती. उलट वर्षभर दर शनिवारी, स्वतः सगळे सांगून सांगून, ते ती मारत आले होते, आणि तरीही ती मेली नव्हती.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यांनी घेतला.

"पागधरे, हो की नाही?"

"हो. तिला पाठवा."

"असं? सकाळी तर घोळ घालत होता. काही अट?"

"अट तिची नाही, माझी आहे. रबराच्या पुतळ्यावरचे माझे शनिवारचे वर्ग आजपासून बंद. मुलं खाली खाटांपाशी येतील. दिसेल ते पाहतील, ऐकू येईल ते ऐकतील, आणि मला सांगतील. मी काही सांगणार नाही. आणि मॅडम, आज मी एक गंभीर चूक केली आहे. तिची चौकशी तुम्ही लावावी, असं माझं म्हणणं आहे."

"पागधरे, तुम्ही स्वतःविरुद्धसुद्धा भांडता का हो?"

"आज माझ्याविरुद्धचा पक्ष बळकट आहे," ते म्हणाले.

मॅडमचे सविस्तर प्रश्न सुरू झाले. त्यांची उत्तरे देत असता पागधऱ्यांनी पाहिले, उत्कर्षा शेजारी नव्हती. पाठवा, हा शब्द तिने ऐकला होता की नव्हता, कोण जाणे. व्हरांड्याच्या टोकाला अतिदक्षता विभागाचे दार हलत होते. काचेतून ती पाठमोरी दिसत होती, चिंतूवर वाकलेली. त्याची चिमूट तिच्या स्टेथोस्कोपची नळी वेचू पाहत होती आणि कमळी ती हळूच सोडवून घेत होती. उत्कर्षा काय ऐकते आहे हे इथून कळायला मार्ग नव्हता. पागधरे फोन कानाला लावून, हात मोकळे असूनही ते कुठे ठेवावेत हे न सुचून, काचेबाहेर उभे राहिले. मॅडम तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होत्या.